बर्फगाड्यांवरची अक्षरं

३ मार्च, मंगळवार

ही माझी ऑर्डरची वही. गेल्या चौदा महिन्यांत हिच्यात एक ओळ चढलेली नाही. कोऱ्या पानांकडे बघून डोकं फिरतं, म्हणून आजपासून हिच्यात मी माझा राग लिहिणार. तो तरी रोज न चुकता येतो.

आणि नेमकं आजच काम आलं. चौकातला दातांचा डॉक्टर खोकं घेऊन दारात उभा. खोक्यात आठ गाड्या. खेळण्यातल्या म्हटलं तर त्याला राग येतो, मॉडेल म्हणायचं. वीतभर लांबीच्या, लोखंडासारख्या जड, मागे बंद पेटी असलेल्या डिलिव्हरी व्हॅन. रंग सगळ्यांचा दुधाच्या सायीसारखा. अंगावर मात्र भलत्याच कंपन्यांचे स्टिकर, कुठे गाद्या, कुठे सरबत, कुठे नटबोल्ट.

डॉक्टरच्या वडिलांचा बर्फाचा कारखाना होता. त्यांच्या आठ गाड्या होत्या आणि त्या आठही गाड्यांवर तीस वर्षांपूर्वी मी नाव रंगवलं होतं. कारखाना कधीच बंद पडला. म्हातारबुवा येत्या बावीस तारखेला ऐंशी पूर्ण करतात. तर स्टिकर काढायचे, खालच्या रंगाला ओरखडा येऊ द्यायचा नाही आणि मग दोन्ही बाजूंना कारखान्याचं नाव, त्याच अक्षरात.

"आणि पेंटर, हातानं हं," तो म्हणाला. "बाबांना स्टिकर चालत नाही."

मी विचारलं, माझा पत्ता कुणी दिला. तो छताकडे बघत म्हणाला, "कळला असाच." म्हणजे गावात अजून कुणीतरी माझं नाव घेतं.

स्टिकर काढायचं काम मी फुकटसुद्धा केलं असतं. छत्तीस वर्षं मी पाट्या, ट्रक, दुकानं, शाळांची फाटकं रंगवली आणि चार वर्षांपूर्वी माझ्याच पोटच्या मुलीने माझ्याच दुकानात स्टिकर कापायचं यंत्र आणून ठेवलं. मला विचारलं नाही, काही नाही. मी म्हणालो, या दुकानात एक तर हे राहील नाही तर मी. तिने यंत्र उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडे जाऊन दुकान थाटलं. तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. यंत्रवाली बाई.

पावती लिहिताना पेन अडखळलं. हल्ली पेनंही धड येत नाहीत. डॉक्टर आधी पावतीकडे बघत राहिला, मग माझ्या हाताकडे. कीड कुठे लागलीय ते बघायची सवय असते या लोकांना.

४ मार्च, बुधवार

माती केली.

पहिली गाडी घेतली, गाद्यांची. फडक्याला थिनर लावलं आणि जन्मभर ट्रकवर मारतो तसा एक हात मारला. ट्रकच्या पत्र्यावर रंग असा जाड असतो की असल्या एका हाताला तो दाद देत नाही, वरची घाण तेवढी जाते. या दीडदमडीच्या गाडीवरचा रंग कांद्याच्या पापुद्र्याएवढा. स्टिकर गेला, त्याच्याबरोबर रंगही गेला, खाली करडा धातू उघडा पडला. फडक्याला सगळी साय.

स्टुलाला लाथ घातली. स्टूल लाकडी आहे हे लक्षात नव्हतं. अंगठा सुजला.

ही आतून म्हणाली, "काय पडलं?"

"काही नाही."

ती येऊन बघून गेली. गाडीकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, चहा ठेवायला गेली. बायकोने चार शब्द सुनवावेत तर तेही नाही. एवढ्याशा गोष्टीत मी शिकाऊ पोरासारखा फसलो.

६ मार्च, शुक्रवार

काल गाड्यांना हात लावला नाही. आज विचार केला, नखांचा रंग काढायचं ते पाणी वापरून बघू. थिनरपेक्षा सौम्य असेल. हिच्याकडे मागितलं.

ही म्हणाली, "ते अजिबात नको हं. उरल्यासुरल्या रंगाचीही वाट लागेल. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा. कागदी रुमाल त्यात भिजवून स्टिकरवर ठेवायचा, दहा मिनिटं. मग सोलायचं नाही, सरकवायचं. नाहीच सुटलं तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. ब्लेड लावायचं नाही, दात कोरायची काडी घ्यायची."

मी बघतच राहिलो. चाळीस वर्षांच्या संसारात हिने खिळा कधी ठोकला नाही.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"वाचलं कुठेतरी."

हिचा चष्मा गेल्या आठवड्यापासून दुरुस्तीला टाकलाय. सकाळी अर्धा तास बाल्कनीत उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होती, तेवढं मला माहीत आहे. हिच्या बहिणीला तरी यातलं काय कळतं देव जाणे.

७ मार्च, शनिवार

सरबताची गाडी. सांगितल्याप्रमाणे केलं. दहा मिनिटांनी रुमाल उचलला तर स्टिकरच्या कडा वर आल्या होत्या. कापसाच्या काडीने नुसतं ढकललं आणि अख्खं नाव सायीवरून घसरत बाजूला आलं, एका तुकड्यात. खालचा रंग जशाचा तसा.

मला एवढा आनंद झाला की मी त्या सुटलेल्या स्टिकरला दोन शिव्या घातल्या.

दुसऱ्या बाजूला चिमट्याने उचलायचं होतं. चिमटा मी हिच्या हातात दिला, माझी बोटं जाड आहेत. हिने अलगद उचललं. "जमतंय की तुला," म्हणालो तर म्हणते, "घाई नाही केली की सगळं सुटतं." हा टोमणा होता का ते कळलं नाही. असला तरी आज माफ.

दिवसभरात तीन गाड्या मोकळ्या झाल्या.

१० मार्च, मंगळवार

उरलेल्या चार गाड्यांवर स्टिकरच नाही. नाव थेट रंगावर छापलंय. पाण्यात ठेवा, साबणात ठेवा, व्हिनेगरमध्ये बुडवा, ढिम्म हलत नाही. दोन दिवस फुकट गेले. ज्याने कुणी या गाड्या बनवल्या त्याला समोर उभं करून विचारणार आहे की बाबा, निम्म्यांवर चिकटवायचं आणि निम्म्यांवर छापायचं हा काय चावटपणा.

जेवताना ही म्हणाली, "छापलेलं असेल तर म्हणे स्पिरिट. इंजेक्शनच्या आधी लावतात ते. पण आधी गाडीच्या पोटाखाली ठिपकाभर लावून बघायचं, रंग हातावर येतो का. नाही आला तर कापसाच्या काडीने, एका वेळी एक अक्षर. काडी दर वेळी नवीन. घासायची नाही, फिरवायची."

"म्हणे म्हणजे कोण म्हणे?"

"तुम्हाला गाड्या साफ करायच्यात की माझी चौकशी?"

मी मूर्ख नाही. हिच्या बहिणीला इंजेक्शनची सुईसुद्धा बघवत नाही. पण चौकशी केली असती तर उत्तर मिळालं असतं, आणि गाड्या मला बावीसच्या आत द्यायच्यात.

स्पिरिटने अक्षरं सुटतात. एका नावाला सव्वीस काड्या लागल्या.

११ मार्च, बुधवार

काड्या संपल्या म्हणून औषधांच्या दुकानात गेलो. चार वर्षं मी लांबच्या रस्त्याने जातो. आज अंगठा दुखत होता म्हणून जवळच्या रस्त्याने गेलो आणि यंत्रवालीचं दुकान समोर आलं.

पाटी बघितली. बघायची नव्हती, पण छत्तीस वर्षांची खोड, पाटी दिसली की डोळा तिकडे जातो. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी अक्षरं. माझं गोल अक्षर, पोटात किंचित डावीकडे झुकलेलं. माझी शेपटी, जी मी वळवताना श्वास धरतो. सगळ्या गल्लीत बघितलं तर न्हाव्याची पाटी, शिकवणीवाल्या बाईंची पाटी, चपलांच्या दुकानाची पाटी, सगळीकडे माझी अक्षरं चिकटवलेली. जाताना माझे नमुन्याचे कागद घेऊन गेली होती ती, म्हणजे ते यासाठी. यंत्रात घालून माझा हात कापून कापून विकतेय.

चोर म्हणतात याला. चार वर्षांपूर्वी म्हणालो होतो तेव्हा थोडं जास्त झालं असं वाटलं होतं. आज वाटत नाही.

आत ती कुणाशी तरी बोलत होती. केस पिकलेत कानाशी. मी थांबलो नाही.

१४ मार्च, शनिवार

सात गाड्या मोकळ्या. डॉक्टरला बोलावलं. बिघडलेली आधी पुढे केली, लपवाछपवी माझ्या रक्तात नाही. तो म्हणाला, "आठात एखादा काढावा लागतोच." धंदेवाईक विनोद.

मग त्याने एक गाडी खिडकीपाशी नेली. प्रकाशात तिरकी धरली की काढलेलं नाव अजून दिसतं. आजूबाजूचा रंग वर्षानुवर्षं उन्हात फिका पडला आणि स्टिकरखालचा झाकलेला राहिला, ताजा. म्हणजे सरबत गेलं पण सरबताची जागा तशीच. मला ते बघून संताप आला. एवढं करून शेवटी डाग राहिलाच.

डॉक्टरने दात घासून चकचकीत करायची त्याची पेस्ट आणली होती. मऊ फडक्याने बोटभर लावून गोल गोल फिरवली आणि डाग बराचसा बुजला. "फार घासू नका," म्हणाला. "उरलंसुरलं तुमच्या अक्षरांखाली जाईल."

निघताना दारात उभा राहिला. "पेंटर, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाही, काही नाही. माझ्या ओळखीत नसांचे एक चांगले डॉक्टर आहेत."

मी म्हणालो, माझ्या नसा ठणठणीत आहेत, तुम्ही दात बघा. ही आतून सगळं ऐकत होती. संध्याकाळभर माझ्याशी फार गोड बोलली. असं कुणी गोड बोललं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

१७ मार्च, मंगळवार

कालपासून अक्षरांना सुरुवात. थेट गाडीवर नाही, आधी काचेवर. काचेवर काढायचं, बघायचं, पुसायचं.

टेबल हलतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. मग कुंचल्याचे केस फाकलेत असं दिसलं, नवा आणला. नवा जास्तच मऊ निघाला. चहा बंद केला, कारण चहाने हात हलतो असं एकदा कुणीतरी म्हणालं होतं. हात टेकवायची काठी घेतली, ती या गाडीपुढे ओंडक्यासारखी. खालच्या मजल्यावर पिठाची गिरणी आहे, तिचा हादरा वर येतो, तिच्याबद्दल मालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाला, गिरणी सोमवार-मंगळवार बंद असते.

काच एकोणीस वेळा पुसली.

१९ मार्च, गुरुवार

पेल्यात काठोकाठ पाणी भरून टेबलावर ठेवलं. पंधरा मिनिटं त्याच्याकडे बघत बसलो. एक तरंग नाही. मग त्याच टेबलावर कोपर टेकवून कुंचला धरला. कुंचल्याचं टोक हलत होतं, पाणी हलत नव्हतं.

टेबल नाही.

दुसरं काही लिहायचं नाही आज. कुंचला मोडला, तो मुद्दाम मोडला.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी हिला म्हणालो, "हाताचं तुला माहीत होतं?" ही भाजी निवडत होती. निवडत राहिली. "किती दिवस?" विचारलं तर म्हणाली, "दाढी करताना कापतं ना तुम्हाला, तेव्हापासून." मला वाटायचं ब्लेडं वाईट आहेत.

एक गाडी खिशात घातली आणि यंत्रवालीकडे गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"बसा," ती म्हणाली.

"बसायला आलो नाही." गाडी तिच्या टेबलावर ठेवली. "यावर नाव चिकटव. आठ गाड्या आहेत. परवा द्यायच्यात."

तिने गाडी उजेडात तिरकी धरली. "छान निघालंय. आई म्हणाली होती, छापलेल्याला फार त्रास..." आणि थांबली.

"म्हणजे ती बहीण तू."

"हो."

"डॉक्टरला पण तूच पाठवलंस."

"ते गाड्या घेऊन आधी माझ्याकडेच आले होते. मी म्हटलं, ज्यांची अक्षरं आहेत त्यांच्याकडे जा."

"माझा हात चालत नाही हे माहीत असून पाठवलंस?"

ती म्हणाली, "तुम्हाला जमलं असतं तर मला आनंदच होता. नसतं जमलं तर तुम्ही इथे आला असता. दोन्हीकडून माझंच भलं होतं, बाबा."

एवढा निर्लज्जपणा कुणावर गेलाय ते विचारायची सोय नाही. मी ओरडलो. चार वर्षांचं सगळं काढलं. दुकान, यंत्र, नमुन्याचे कागद, चोरी. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या शाळेच्या फाटकावरचं नाव आठवतं?"

आठवतं. माझं शेवटचं मोठं काम.

"तुम्ही घरी गेल्यावर मी शिडी लावली आणि तीन अक्षरं पुसून पुन्हा काढली. दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी तुम्ही बघून म्हणालात, बघ, हात अजून तसाच आहे. त्याच आठवड्यात मी यंत्र आणलं."

मी खुर्ची ओढून बसलो.

"तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

हाकललं असतं तिला. तसंही हाकललंच. चार वर्षं तिने चोर म्हणवून घेतलं आणि मला हाताबद्दल एक शब्द कळू दिला नाही. याचा मला इतका राग आला की डोळ्यात पाणी आलं, आणि ते तिला दिसलं याचा आणखी राग आला.

"दुसरी अक्षरं घ्यायचीस," मी म्हणालो. "माझीच कशाला?"

"मला दुसरी येत नाहीत," ती म्हणाली.

दुपारभर तिच्या शेजारी बसलो. पडद्यावर कारखान्याचं नाव, माझी अक्षरं, थरथर नसलेली. तिने दोन अक्षरांत जागा जास्त सोडली होती. केसभर डावीकडे घे, म्हणालो. घेतली. फार झालं, म्हणालो. पुन्हा मागे घेतली. असं चाळीस वेळा झालं असेल. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमच्यापेक्षा यंत्र बरं, ते ओरडत नाही." मी हसलो नाही.

तिने नावं पातळ कागदावर छापली. तो पाण्यात टाकला की नाव सुटतं आणि गाडीवर सरकवून बसवायचं. म्हणजे पंधरा दिवस मी जे पाण्याने सरकवून काढलं, तेच आता पाण्याने सरकवून लावायचं. माझ्या आयुष्याची कुणीतरी टिंगल चालवली आहे.

तिने मला बिघडलेली गाडीही आणायला लावली. उरलेला रंग मी थिनरने उतरवला, तेवढं मला येतं. तिने फवाऱ्याने साय रंग दिला.

२२ मार्च, रविवार

वाढदिवसाला मी, ही आणि मुलगी, तिघं गेलो. डॉक्टरला मी आधीच सांगितलं होतं की अक्षरं चिकटवलेली आहेत. तो म्हणाला, बाबांना कळणार नाही, त्यांना नीट दिसत नाही.

म्हातारबुवा खिडकीपाशी खुर्चीत होते. आठही गाड्या समोरच्या टेबलावर ओळीने. ते प्रत्येक गाडी डोळ्याजवळ नेत होते. खोलीभर माणसं, सगळी कौतुकाने बघत होती. सहाव्या गाडीवर त्यांनी अंगठ्याचं नख नावाच्या कडेवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"हे चिकटवलंय," ते म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे बघेना.

"पेंटर, मी तुम्हाला माणूस समजत होतो. तीस वर्षांपूर्वी माझ्या गाड्यांवर तुम्ही हातानं लिहिलं. आज माझ्या वाढदिवसाला स्टिकर चिकटवून आणलेत? याला काय अक्कल लागते? कुठल्या यंत्रातून काढलंय हे?"

शब्दन् शब्द माझा. मी गेली चार वर्षं हेच बोलत होतो, त्याच आवाजात. मुलगी माझ्या मागे उभी होती. तिला याची सवय आहे.

मला असा राग आला की आवाज चढला. ऐंशी वर्षांच्या माणसावर, त्याच्या घरात. "चिकटवलंय. माझ्या मुलीने चिकटवलंय," म्हणालो. "आणि अक्कल लागते. त्यातल्या दोन अक्षरांमधली जागा बघा. ती जमायला आम्हाला अख्खी दुपार लागली. एवढं सरळ बसवलेलं नाव तुम्ही जन्मात बघितलं नसेल. माझ्या मुलीच्या कामाला नावं ठेवायची नाहीत."

म्हातारा माझ्याकडे रोखून बघत राहिला. "अक्षर तर तुमचंच दिसतंय."

"माझंच आहे."

"मग हातानं का नाही लिहिलं?"

मी उजवा हात पुढे केला. सगळ्यांच्या समोर, बोटं सरळ करून, जेवढा स्थिर ठेवता येतो तेवढा ठेवला. हात काही ऐकत नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं तरी. या दोघींना माहीत होतं. मला गुरुवारी कळलं."

म्हाताऱ्याने सहावी गाडी पुन्हा उचलली आणि हात लांब करून माझ्या मुलीकडे दिली. "पोरी, वाच बरं मोठ्याने. मला नीट दिसत नाही."

तिने कारखान्याचं नाव वाचलं. म्हातारा मान हलवत म्हणाला, "बरोबर लिहिलंय," आणि गाडी परत मागून घेतली. ती त्यांनी मांडीवरच ठेवली.

परत येताना मुलगी म्हणाली, मंगळवारी त्या नसांच्या डॉक्टरकडे जायचं, वेळ घेतलीय. मला न विचारता घेतलीय. मी म्हणालो, ते मंगळवारचं मंगळवारी बघू, उद्या दहाला मी तुझ्या दुकानात येतो, त्या चपलांच्या दुकानाच्या पाटीवर तू अक्षरांत जागा किती वाईट सोडली आहेस ते दाखवायचंय.

"मी साडेनऊला उघडते," ती म्हणाली.

तिचं हे असं सगळं आधीच ठरवलेलं असतं. राग आला. साडेनऊला जाईन.